ढगाच्या मापाचे गणित

२६ जुलै २००५च्या सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडला ७३ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळा एकाच शहरातल्या, मधले अंतर फार तर पंचवीस किलोमीटर. उपनगरांत मिठी नदी वस्त्यांमध्ये शिरली, लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. दक्षिण टोकाला मात्र पावसाळ्यातल्या इतर दिवसांसारखाच एक ओला दिवस होता.

हवामानाच्या गणितापुढचा खरा प्रश्न या दोन आकड्यांत आहे. ‘उद्या कोकणात मुसळधार पाऊस’ असे सांगणे तेव्हाही शक्य होते. कोकणात कुठे, किती वाजता आणि नेमका किती, हे सांगता येत नव्हते. हवामानाचे गणिती मॉडेल पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून चालते, आणि तेव्हाच्या आपल्या जागतिक मॉडेलचा एक चौकोन अख्ख्या मुंबईपेक्षा कितीतरी मोठा होता. त्या चौकोनाला पावसाचा एकच आकडा मिळायचा, सांताक्रूझला आणि कुलाब्याला मिळून एक. पुण्याच्या पाषाण रस्त्यावर आज ‘अर्क’ नावाचा महासंगणक रात्रंदिवस चालतो तो हा चौकोन लहान करण्यासाठी.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. नॉर्वेचे विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये मांडले की हवा भौतिकशास्त्राचे नियम पाळते, म्हणून आजच्या हवेची स्थिती नीट मोजली आणि नियम नीट वापरले तर उद्याची हवा गणिताने काढता आली पाहिजे. वाऱ्याची गती, हवेचा दाब, तापमान, बाष्प या सगळ्यांना बांधणारी समीकरणे ठाऊक होती. ती कागदावर सोडवता येत नव्हती, एवढीच अडचण.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने ती सोडवायची ठरवली, आणि या विषयाच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस तोच. त्याने नकाशावर चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातली हवा एक आकडा मानली आणि शेजारच्या चौकोनांशी तिची देवघेव बेरीज-गुणाकारांनी मांडली. रिचर्डसन क्वेकर पंथाचा, युद्धाला नकार देणारा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. जखमींना पोहोचवण्याच्या फेऱ्यांमधल्या वेळात, थंडगार निवाऱ्यात गवताच्या ढिगावर बसून त्याने २० मे १९१० या जुन्या दिवसाचा अवघ्या सहा तासांचा अंदाज हाताने काढला. त्या आकडेमोडीत सुमारे सहा आठवडे गेले. १९१७च्या धुमश्चक्रीत हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

उत्तर साफ चुकले. सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल असे गणित म्हणत होते. प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. रिचर्डसनने हे चुकलेले गणित १९२२ मध्ये पुस्तकात जसेच्या तसे छापले. त्याच पुस्तकात त्याने हिशेब केला की साऱ्या पृथ्वीच्या हवेबरोबर चालायचे तर एका अवाढव्य सभागृहात ६४ हजार माणसे एकाच वेळी आकडेमोड करत बसली पाहिजेत, प्रत्येकाकडे नकाशाचा आपापला तुकडा आणि मध्यभागी उंचावर सगळ्यांचा ताल सांभाळणारा एक सूत्रधार. आजचा महासंगणक नेमके हेच करतो. हजारो प्रोसेसर, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, आणि दर पावलाला शेजाऱ्याला आपले आकडे कळवण्याची शिस्त.

पुढे आयर्लंडच्या पीटर लिंच यांनी ते गणित पुन्हा करून पाहिले, तेव्हा दिसले की रिचर्डसनची पद्धत बरोबर होती. सुरुवातीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा मेळ बसलेला नव्हता. तो बसवून घेतला की त्याच पद्धतीने समंजस उत्तर येते. या क्षेत्रातला प्रत्येक माणूस आजही हा धडा मनाशी धरून असतो: आरंभीचे आकडे बिघडले तर गणित कितीही वेगाने करा, उत्तर बिघडणारच.

१९५०च्या वसंतात अमेरिकेत एनिॲक या यंत्रावर ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी पहिला यंत्रसिद्ध अंदाज काढला. त्यांच्या जाळ्यात २७० बिंदू होते, दोन बिंदूंमध्ये सातशे किलोमीटरहून अधिक अंतर. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीस तास लागले, म्हणजे यंत्राने हवेला जेमतेम गाठले. चार्नींनी ते निकाल म्हाताऱ्या रिचर्डसनला पाठवले आणि त्याने मनापासून अभिनंदन कळवले.

भारतात ही वाट राजकारणातून गेली. १९८०च्या दशकात आपण मान्सूनच्या अंदाजासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. तो अण्वस्त्रांच्या कामी लावला जाईल या संशयामुळे हव्या त्यापेक्षा कमी ताकदीचे यंत्र मिळाले, तेही हवामानापुरतेच वापरण्याच्या अटीवर. ते दिल्लीत राष्ट्रीय मध्यमपल्ला हवामान अंदाज केंद्रात बसले. या अडवणुकीचा एक परिणाम पुण्यात दिसला: १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ ही संगणन-संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. हवामानासाठी आपण पुढेही बाहेरची यंत्रे घेत राहिलो, पण अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याची विद्या आणि ती जाणणारी माणसे या शहरात रुजली.

पुण्यातली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, सगळे तिला आयआयटीएम म्हणतात, १९६२ मध्ये सुरू झाली. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला, ४ पेटाफ्लॉप ताकदीचा. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा, दिल्लीतून पुढे नोएडाला गेलेल्या मध्यमपल्ला केंद्राला त्याच वेळी ८.२४ पेटाफ्लॉपचा ‘अरुणिका’ मिळाला. दोन्ही मिळून खर्च ८५० कोटी रुपये. ११.७७ पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला ११ हजार ७७० लाख कोटी गणिती क्रिया. जगातल्या आठशे कोटी माणसांनी दर सेकंदाला एक गणित सोडवले, न झोपता न जेवता, तर अर्क एका सेकंदात उरकतो ते काम संपायला सुमारे सतरा दिवस लागतील.

एवढी ताकद लागते कशाला? कोकणातल्या मच्छीमाराला हे पटकन समजेल. जाळ्याचा आस मोठा असला की लहान मासा निसटतो. मॉडेलचा चौकोन बारा किलोमीटरचा असेल तर चार-पाच किलोमीटर रुंदीचा, तासाभरात शंभर मिलिमीटर ओतणारा ढग त्यात धरला जातच नाही. मॉडेल त्याच्याविषयी ढोबळ नियमाने अटकळ बांधते: एवढे बाष्प, एवढी उष्णता, तर चौकोनात सरासरी एवढा पाऊस. ही सरासरीच घात करते, कारण आपल्याकडचा पाऊस सरासरीत पडत नाही.

सह्याद्रीत तर ही अडचण दुणावते. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत, लोणावळा सहाशे मीटरच्या वर, आणि मध्ये हवाई अंतर काही किलोमीटरांचेच. मोठ्या चौकोनात ही उभी भिंत सपाट होऊन एक मवाळ उतार बनते. अरबी समुद्रावरून आलेला वारा त्या उतारावर हळूहळू चढतो आणि मॉडेलमधला पाऊस भलत्याच जागी, भलत्याच प्रमाणात पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या निम्माही होत नाही. हा फरक दिसायचा तर चौकोन लहानच हवा.

पण चौकोन लहान करण्याची किंमत भयंकर वेगाने चढते. चौकोनाची बाजू निम्मी केली की त्याच जमिनीवर चौपट चौकोन बसतात. शिवाय गणिताचे प्रत्येक पाऊलही निम्मे करावे लागते, कारण एका पावलात वारा एका चौकोनाच्या पलीकडे उडी मारून गेला तर आकडे फुगत जाऊन गणित कोसळते. कूरान्ट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच ही अट दाखवून दिली होती. म्हणजे बाजू निम्मी तर काम आठपट, आणि उभे थर वाढवले तर त्याहून अधिक. साऱ्या पृथ्वीवर सहा किलोमीटरचे चौकोन आखले तर नुसत्या पृष्ठभागावर सुमारे १ कोटी ४० लाख होतात. प्रत्येकाच्या डोक्यावर हवेचे अनेक थर, प्रत्येक थरात वारा, तापमान, दाब, बाष्प, ढगातले पाणी आणि बर्फ. हे सगळे दहा दिवसांच्या अंदाजासाठी मिनिटामिनिटाने पुढे ढकलायचे, आणि तेही अंदाजाचा उपयोग असेपर्यंत.

वेळेचा मुद्दा सहसा सुटतो. उद्या सकाळच्या पावसाचा अचूक अंदाज परवा हाती आला तर तो इतिहास झाला. पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे की जे काम प्रत्यूषवर दहा तास घ्यायचे ते अर्कवर चार तासांत होते. वाचलेल्या सहा तासांत जिल्हाधिकाऱ्याचा निरोप तलाठ्यापर्यंत पोहोचतो, धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते ठरवता येते, होड्या परत बोलावता येतात.

मे २०२५ मध्ये याच संस्थेत घडलेले ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ हवामान विभागाच्या रोजच्या कामात दाखल झाले. आधीच्या मॉडेलचा चौकोन बारा किलोमीटरचा होता, याचा उष्ण कटिबंधात सहा किलोमीटरचा. बहुतेक जागतिक मॉडेलचे चौकोन नऊ ते चौदा किलोमीटरच्या घरात असताना हे काम आपल्याकडे झाले याचा अभिमान वाटावा, असेच ते आहे. युरोप-अमेरिकेतली मॉडेले त्यांच्या हवेसाठी घडली. तिथला पाऊस बहुधा मोठ्या, सावकाश सरकणाऱ्या वादळी पट्ट्यांतून येतो. आपला पाऊस तापलेल्या जमिनीवर उभ्या चढणाऱ्या ढगांचा. त्या ढगांची रीत ओळखायला आपलीच माणसे महाबळेश्वरच्या ढग-प्रयोगशाळेत आणि ढगांतून उडणाऱ्या विमानांत मोजमापे घेत आली आहेत.

तरीही सहा किलोमीटर म्हणजे ढग नव्हे. एकेक ढग स्पष्ट दिसायला चौकोन एक-दोन किलोमीटरचा लागेल. सहावरून दीडवर यायचे तर काम चौसष्टपट, आणि चौसष्ट अर्क कोणी घेऊन देणार नाही. म्हणून सध्या असे बारीक जाळे मुंबईसारख्या एखाद्या भागापुरतेच टाकतात, आणि पुढच्या दोन-तीन तासांसाठी पावसाचे ढग टिपणाऱ्या डॉपलर रडारवर विसंबतात.

संगणक वाढवला की अंदाज महिनाभर पुढे जाईल, असे मात्र नाही. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले की आरंभीच्या आकड्यांतला हजारांशाहून सूक्ष्म फरकही वाढत वाढत काही दिवसांत सगळे चित्र बदलतो. रोजच्या हवेचा अंदाज दोन आठवड्यांच्या आसपास थांबतो. ती सीमा हवेच्याच स्वभावाची आहे. तिच्यावर शोधलेला उपाय सुंदर आहे. आरंभीचे आकडे किंचित किंचित बदलून तोच अंदाज अनेकदा चालवायचा. आपल्या हवामान विभागाने २०१८ पासून असे २१ समांतर अंदाज चालवले. एकवीसपैकी अठरांत चक्रीवादळ रायगडकडे वळत असेल तर विश्वास वाढतो. पाच ओमानकडे, सात गुजरातकडे, उरलेले समुद्रातच विरत असतील तर थांबून पाहायचे. ‘शक्यता’ हा शब्द अंदाजात येतो तो इथून. त्यामागे मोजलेली अनिश्चितता असते, आणि ती सांगणारा अंदाज न सांगणाऱ्यापेक्षा प्रामाणिक असतो.

चक्रीवादळांच्या बाबतीत या सगळ्याचे फळ सर्वांत स्पष्ट दिसते. २९ ऑक्टोबर १९९९ला ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच राज्यावर आले, तेही अतितीव्र. तोवर मार्ग, वेळ, लाटेची उंची यांचे अंदाज काही दिवस आधी हाती येत होते. दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर थांबला. याचे श्रेय एकट्या संगणकाला देणे अन्यायाचे होईल. ओडिशाने मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी माणसे तयार केली. पण लाखो लोकांना घर सोडायला सांगायचे तर कुठल्या किनाऱ्यावरच्या आणि कधी, हे आधी कळावे लागते.

आपल्याकडे ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. किनाऱ्यावरचे लोक आधीच हलवले होते, होड्या परतल्या होत्या. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या सुपारी-नारळाच्या बागा मात्र आडव्या झाल्या. बाग हलवता येत नाही. माणसे वाचवणारा अंदाज आणि उपजीविका वाचवणारा अंदाज यांत अजून मोठे अंतर आहे.

आता हमखास विचारला जाणारा प्रश्न. वीस दिवसांनंतरचा पाऊस सांगता येत नाही, तर २०५०चे हवामान कसे सांगता? उत्तर असे की प्रश्नच वेगळे आहेत. १४ जुलै २०५०ला पुण्यात पाऊस पडेल का, हे कोणीच सांगत नाही. सांगायचे असते ते एवढेच की वातावरणातला कार्बन डायऑक्साइड अमुक इतका वाढला तर त्या काळातल्या पावसाळ्यांची चाल कशी बदलेल. ते आजच्या वाऱ्याच्या सूक्ष्म नोंदीवर नव्हे, तर पृथ्वीवर येणाऱ्या आणि पृथ्वीबाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या हिशेबावर ठरते.

स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये, आजच्या मोबाइलपुढे अगदीच दुबळ्या संगणकावर, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सव्वादोन-अडीच अंशांनी वाढेल असे काढले होते. त्याच गणितात दिसत होते की खालची हवा तापत असताना वरचा स्थितांबराचा थर थंड होत जाईल. पुढच्या दशकांतल्या मोजमापांनी ते खरे ठरवले. सूर्य जास्त तळपत असता तर दोन्ही थर तापले असते. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते या कामासाठी.

हवामानबदलाच्या मॉडेलमध्ये समुद्र, समुद्रावरचा बर्फ, जमीन, झाडोरा सगळेच घालावे लागते आणि शंभर-दोनशे वर्षे चालवावे लागते. म्हणून चौकोन मोठे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. आयआयटीएमने असे पृथ्वी-प्रणाली मॉडेल घडवले आणि संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालामागच्या जागतिक तुलनेत भारताचे पहिले मॉडेल म्हणून ते उतरले. भारतातील हवामानबदलावरच्या २०२०च्या सरकारी अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जुन्या नोंदी तपासून दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एक अंश तापलेली हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. ते बाष्प पडते तेव्हा एकदमच पडते, आणि मधले दिवस कोरडे जातात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे अहवालात वाचायची गरज उरलेली नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने या क्षेत्रात मोठी खळबळ माजवली आहे. गूगल डीपमाइंडचे ग्राफकास्ट एका मिनिटाच्या आत दहा दिवसांचा अंदाज देते, समीकरण एकही न सोडवता; जुन्या हवेच्या दशकांच्या नोंदी पाहून ते शिकलेले आहे. युरोपच्या मध्यमपल्ला केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून असे मॉडेल रोजच्या कामात घेतले. भारतात त्याच वर्षी मान्सूनच्या आगमनाचे असे अंदाज सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाठवले गेले. मग महासंगणक मोडीत काढायचे का? माझ्या मते मुळीच नाही. ही मॉडेले ज्या नोंदींवर शिकली त्या जागतिक नोंदी जुन्या पद्धतीच्या भौतिक मॉडेलनेच, महासंगणकावरच, एकसंध करून दिलेल्या आहेत. आणि नोंदीत एकदाही न आलेला पाऊस उद्या पडायचा असेल तर भौतिकशास्त्राची समीकरणे जास्त भरवशाची, कारण पाण्याच्या वाफेचे नियम तापलेल्या पृथ्वीवरही तेच राहतात. दोन्ही एकमेकांना लावून चालणे हाच शहाणपणा.

मला अधिक काळजी वाटते ती पहिल्या पायरीची. रिचर्डसनचे गणित आरंभीच्या आकड्यांनी बिघडवले होते, आणि शंभर वर्षांनंतरही सर्वांत कमकुवत दुवा तोच आहे. रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जगभर एकाच वेळी फुगे हवेत सोडले जातात. उपग्रह, जहाजे, विमाने, तरंगती केंद्रे आपापले आकडे पाठवतात. कोविडच्या टाळेबंदीत विमाने थांबली तेव्हा त्यांच्याकडून येणाऱ्या नोंदी आटल्या आणि जगभरच्या केंद्रांना त्याची चिंता लागली. समुद्रावर आणि डोंगराळ भागात आपल्या नोंदी विरळच आहेत. सहा किलोमीटरच्या चौकोनाला खरा आकार द्यायचा तर त्या चौकोनात निदान एक तरी पर्जन्यमापक हवा. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दोन हजार कोटींच्या ‘मिशन मौसम’मधला पैसा रडार आणि निरीक्षण-यंत्रांवर जितका जाईल तितका मला योग्य वाटतो.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. तुमच्या मंडळातले केंद्र कुठे आहे ते एकदा पाहून या. त्याला झाडाची किंवा नव्या भिंतीची आडकाठी झाली असेल, पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला असेल, तर तालुका कृषी कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. फळपीक विम्याची भरपाई याच आकड्यांवर ठरते, आणि त्या केंद्राचा आकडा चुकला तर तुमच्या गावाच्या पावसाची चूक सुधारणे पुण्यातल्या कुठल्याही यंत्राला जमणार नाही.